अठराव्या चालीवरची लाल खूण

१४ जुलै २०२४, रविवार. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. दुपारी शेजारच्या उत्तराबाईंकडे गेले. सेलूच्या शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई ड्राफ्ट्सच्या, म्हणजे पटावर उडी मारून सोंगट्या घ्यायच्या खेळाच्या, स्पर्धांतले लिहून ठेवलेले डाव लाल पेन्सिलीने तपासतात. मी ह्यांचा १९९१च्या अंतिम फेरीचा डाव नेला. तेव्हा हे उत्तराबाईंकडूनच हरले होते.

अठराव्या चालीवर बाईंनी लाल खूण केली.

"ताई, इथं एक सोंगटी देऊन माझ्या तीन घेता येत होत्या की! भाऊजींना दिसलं कसं नाही?" त्या लय खुशीत हसल्या.

माझ्याशी खेळताना ह्यांनी हीच युक्ती एकदाही सोडली नव्हती. मग हिच्यासमोरच का सोडली?

चहा न घेताच मी उठले.

संध्याकाळी मेथीची भाजी केली, ती खारट झाली.