नलूताईंचं वैर

प्लेटवरचे जंतू मेलेले दिसले की नलूताई हसायच्या. एरवी फारशा नाहीत. उज्जैनच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. रक्त मिसळलेल्या लाल थरावर न्यूमोकोकस या जंतूची वाढ होती आणि औषधाच्या टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ. "बघ, इथवर आला आणि मेला. मरू दे! माझ्या चिन्मयला यानेच नेलं."

चिन्मय त्यांचा मुलगा, जेमतेम वर्षाचा. ताप चढला तेव्हा फ्रीगंजच्या एका बड्या डॉक्टरांनी त्याच्या छातीला हातही न लावता परत पाठवलं होतं. "दाँत आ रहे हैं, बहनजी. आप लोग घबराते बहुत हैं." याच जंतूच्या मेंदूज्वराने पोर गेलं. नवऱ्याने बदली मागून घेतली. नलूताई हलल्या नाहीत. "दुश्मन इथे आहे, मी कुठे जाऊ?" म्हणाल्या आणि पुन्हा कॉलेजात नाव घालून जीवाणूशास्त्र शिकल्या.

वेगवेगळ्या वयांच्या माणसांच्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं किती, हा त्यांचा ध्यास. भैरवगढच्या कापड छापणाऱ्यांच्या घरांत आम्ही नमुने घ्यायला जायचो. एक म्हातारा रंगारी कुरकुरला, "मुझे तो कभी कुछ हुआ ही नहीं, मेरा खून क्यों?"

"इसीलिए तो, काका! वो आपकी नाक में कितनी बार आके बैठा होगा. आप हर बार चुपचाप लड़ लिए."

परतताना मला म्हणाल्या, "आईने पोटात दिलेली शिदोरी काही महिन्यांत संपते. स्वतःची कमाई व्हायला वर्षं लागतात. चिन्मय नेमका त्या मधल्या काळात सापडला. म्हातारपणी पुन्हा तेच. पहारेकरी असतात ग, पण त्यांचे हात लुळे पडतात. हरामखोर तिथेही टपलेला असतो."

एका हिवाळ्यात न्यूमोनियाच्या एका रुग्णाचं रक्त आलं. चिठ्ठीवर रुग्णाचं नाव फ्रीगंजच्या त्याच डॉक्टरांचं. आता ते ऐंशीच्या घरात होते.

"ताई, मी करते हे," मी म्हणाले.

"हात लावू नकोस."

जंतू तोच निघाला आणि चालू औषधाला दाद देत नव्हता. नलूताईंनी स्वतः वॉर्डात फोन केला, "दवा बदलिए. अभी!" म्हातारा वाचला.

घरी सोडायच्या दिवशी त्या वर वॉर्डात गेल्या. मी मागे होते. डॉक्टरांनी हात जोडले. "आपने मेरी जान बचाई, बहनजी."

"आपकी नहीं बचाई. उसको मारा है." मग त्यांनी चिन्मयचं नाव सांगितलं, तो ताप सांगितला, ते दात सांगितले.

डॉक्टर बराच वेळ आठवत राहिले. "माफ कीजिए, याद नहीं आता."

"मुझे रोज़ याद आता है. अब आप भी जिएँ और याद रखें."

जिन्यात मी विचारलं, "आता तरी शांत वाटतंय का, ताई?"

"शांत कशाला वाटेल? त्याचीही झोप उडाली, एवढंच."

शेवटच्या आजारपणात त्यांच्या नानाखेड्याच्या घरी मी जात असे. एकदा धीर करून म्हणाले, "ते डॉक्टर माफी मागायला आले असते तर?"

"आला होता ग. काठी टेकत, दोन जिने चढून." नलूताईंनी कूस बदलली. "जाळीतून बघितलं मी. दार नाही उघडलं."