आवाज आईचा, वाक्य दुसऱ्याचं

स्कूटरवरून पडून आईच्या डोक्याला मार लागला. दवाखान्यात शुद्धीवर आली ती तेलुगूत बोलतच. ती तिची माहेरची भाषा. आम्हां मुलांशी मात्र ती कायम मराठीच बोलली, त्यामुळे मला त्यातलं अक्षरही कळेना. माझं मराठी तिला समजायचं. उत्तर द्यायला ती तोंड उघडायची, आणि शब्द यायचे ते तेलुगूच. मग तिचे डोळे भरून यायचे.

एका दुपारी शेजारच्या खाटेवरच्या लक्ष्मीमावशी तिला तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. ते मला सांगायला आई वळली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आज ऊन फार आहे."

माझ्या अंगावर काटा आला. "आई, बोललीस! अजून बोल ना." पण पुढचे शब्द पुन्हा तेलुगू.

डॉक्टर म्हणाले, "असं क्वचित होतं. मनातलं मराठीत येत नाही, दुसऱ्याच्या वाक्याचं भाषांतर मात्र जमतं."

मी तिच्या ओठांकडे बघत राहिले. आवाज तिचा, हेल तिचा, आणि बोलणारी ती नव्हतीच. आपण जन्मभर ज्याला माणूस म्हणतो, ते यातलं नेमकं कुठे राहतं?

संध्याकाळी मीच लक्ष्मीमावशींना एक वाक्य हळूच सांगितलं. त्यांनी ते तेलुगूत म्हटलं. आई माझ्याकडे वळली.

"जेवलीस का गं?" तिनं नेहमीच्या मायेनं विचारलं.

"जेवले, आई," मी म्हणाले, आणि मान वर करून तिच्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही.