गच्चीवरचे पावणेतीन हत्ती

आमच्या इमारतीतल्या वहिनी कुठल्याही मापाला सुखाने जगू देत नसत. त्यांच्यासमोर 'पाच फूट' म्हणा, पुढच्या श्वासाला त्याचे सेंटिमीटर झालेले असत. डॉक्टर ताप फॅरनहाइटमध्ये सांगत. पेशंट जिना चढेपर्यंत वहिनी त्याचा सेल्सिअस करून एकशेतीनवरून एकोणचाळीसवर आणत, आणि खरं सांगतो, नुसतं ऐकूनच तो उठून चहा मागायचा.

विरारला तेव्हा घरात कॉम्प्युटर असणं ही प्रदर्शनाची गोष्ट. वहिनी मुंबईला एका कचेरीत संगणक विभागात होत्या, म्हणून त्यांच्याकडे तो आला. आम्ही नटूनथटून बघायला गेलो, तर चित्र नाही, गाणं नाही, पत्ते नाहीत. नुसता काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत दोन प्रश्न. पहिल्यापुढे आपल्याजवळचं माप लिहायचं, दुसऱ्यापुढे ते कशात हवं ते. वहिनी मोठ्याने मराठीत विचारत, "काय आहे? काय हवंय?" देव प्रसन्न झाला तरी इतकं थेट विचारत नसेल.

गुंठा, तोळा, ब्रास, सगळं त्या पडद्याला वहिनींनीच शिकवलं. त्याच्याकडे किलोचे मीटर मागितले की तो नकार देई आणि वहिनी जाहीर करत, "पत्रिका जुळत नाही." हरल्या त्या एकदाच, अर्नाळ्याहून येणाऱ्या मासळीवाल्या मावशीपुढे. मांदेल्यांचा एक वाटा म्हणजे नक्की किती ग्रॅम, असं त्यांनी विचारलं. मावशी पाटीतून मान न उचलता म्हणाली, "बाय, काटा मासलीत आसतो. वाट्यात कोन शोधतो?"

मग आला तो टाकीचा उन्हाळा. नळाला पाणी नाही, टँकरला वेळ नाही. सेक्रेटरींनी ठरवलं, गच्चीवर दहा फूट लांब, आठ फूट रुंद, पाच फूट उंच टाकी बांधायची. त्या गच्चीच्या बरोबर खाली मी राहायचो. माझ्या छताला असा तडा होता, की त्यात पालीची तिसरी पिढी नांदत होती. मी सभेत कुरकुरलो, तर सेक्रेटरी म्हणाले, पाणीच आहे ते, लोखंड नव्हे. तहानलेल्या माणसांनी माना डोलावल्या. सगळ्या इमारतीच्या पाण्याआड येणारा मी एकटा ठरलो.

सभा वहिनींच्याच हॉलमध्ये होती. त्या आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, भरल्या टाकीचं नुसतं पाणीच सव्वाअकरा टन. कुणी हललं नाही. टन कुणी पाहिलाय? वहिनींनी सगळ्यांचे चेहरे वाचले, पुन्हा आत गेल्या आणि पडद्याला एक नवं माप शिकवून आल्या.

"सेक्रेटरीसाहेब, काय आहे? तडा गेलेला स्लॅब. काय हवंय? त्यावर पावणेतीन हत्ती. जिन्याने नेणार का?"

सेक्रेटरींनी शेवटची धडपड केली. "हत्ती उभे की बसलेले?"

"बसले तरी वजन तेवढंच. खालच्या भावजींना तड्यातून फक्त सोंड दिसणार नाही."

टाकी खाली, गेटजवळ बांधली गेली. वर एक लहानशी, हत्तीच्या पिल्लाएवढीसुद्धा नाही.

पुढे वहिनींनी नाशकात घर घेतलं. टेम्पोत पुढे बसून त्यांनी तो कॉम्प्युटर तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेतला. मी टेम्पोच्या दाराशी उभा होतो. त्यांनी विचारलं, "भावजी, काय आहे?"

"छत आहे," मी म्हटलं.

"मग आणखी काय हवंय?" आणि टेम्पो सुटला.

खालच्या टाकीला आमच्याकडे अजून हत्तीखाना म्हणतात. वॉचमन रोज सकाळी ओरडतो, हत्तीखान्याचा पंप लावतोय. नवे भाडेकरू मला हमखास विचारतात, इथे खरंच हत्ती होते का?

होते, मी सांगतो. माझ्या डोक्यावर चढत होते. आमच्या वहिनींनी उतरवले.