खालचं कुरण कोरडं आहे

देओलिंदा बोर्बाला म्हातारी म्हणा, भांडखोर म्हणा, ती हसून तुमच्यापुढे कॉफी ठेवील. पण गावाबाहेरच्या खालच्या कुरणाला नावं ठेवलीत तर तुमची धडगत नाही. तिचा नवरा जानुआरियो तरुणपणी पोर्तुगालच्या अझोर बेटांवरून कॅलिफोर्नियात आला, तो त्या कुरणाच्या मालकाकडे गाईंचं दूध काढायला. जन्मभर तिथंच राबला आणि तिथंच म्हातारा होऊन वारला. कुरणाचा एक वाफाही त्याच्या नावावर नव्हता. तरी "आपलं कुरण पंचक्रोशीत सगळ्यात कोरडं, थेंब साचत नाही," हे तो अशा तोऱ्यात सांगायचा, की खुद्द मालकही मान डोलवायचा.

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी पवित्र आत्म्याचा फेस्ता, म्हणजे गावजेवणाचा सण, त्याच कुरणात भरायचा. चांदीचा मुकुट मिरवत आणायचा, मग पावाच्या तुकड्यांवर गोमांसाचा कढत रस्सा ओतायचा, वर पुदिना टाकायचा आणि येईल त्याला वाढायचं. पैसे घ्यायचे नाहीत, कुणाला परत पाठवायचं नाही. पातेल्यांची सत्ता देओलिंदाकडे. वर्षभर ती त्या एका दिवसासाठी जगायची असं म्हटलं तरी खोटं नाही.

मग एके वर्षी मालकानं जमीन विकली. घेणाऱ्या बिल्डरला तिथं घरं बांधायची होती, त्यासाठी जमीन नगरपालिकेच्या हद्दीत घ्यायचं ठरत होतं. फेस्ता शाळेच्या डांबरी पार्किंगमध्ये हलवा, असं कुणीतरी सुचवलं. डांबरावर कसला फेस्ता, असं देओलिंदा ज्याला त्याला ऐकवू लागली.

हद्दवाढीआधी पाण्याची आणि धोक्यांची तपासणी व्हावी लागते. त्यासाठी पाकू वांग नावाची तरुण मुलगी आली. देओलिंदानं तिला गोड पाव खाऊ घातला आणि नवऱ्याचं वाक्य शब्दशः ऐकवलं. पाकूनं पाव दोनदा घेतला, आभार मानले आणि माती बघायला कुरणात गेली.

अहवाल आला तेव्हा नणंद इदालिना तो मोठ्यानं वाचू लागली. "खालचं कुरण. पुराचा धोका. विहिरीच्या पाण्यात जुन्या गोठ्याच्या शेणामुताचा अंश..."

"बंद कर," देओलिंदा म्हणाली.

"वहिनी, पुढं अजून आहे."

"पुढं काय असायचंय? माझा पाव खाऊन माझ्याच माणसाला घाणेरडा म्हणाली ती पोरगी. सुनावणीत बघते तिला."

सुनावणीला सभागृह भरलं होतं. महापौरांनी सांगितलं, "बोर्बाबाई, तीन मिनिटं." देओलिंदा चर्चला जायचा काळा झगा घालून उभी राहिली.

"मी त्या कुरणाशेजारी म्हातारी झाले. तिथं कधी थेंबभर पाणी साचलं नाही. पूर नाही, धोका नाही, काही नाही. हा अहवाल फाडून टाका."

पुढच्या रांगेत बिल्डरचा वकील मान डोलावत होता. तो हसून लिहूनही घेऊ लागला, तेव्हा देओलिंदा चपापली. ज्या माणसाला आपलं कुरण हवंय, त्याला आपलं बोलणं एवढं गोड का लागतंय?

तेवढ्यात मागून इदालिना उठली. "वहिनी, थेंबभर नव्हतं, तर त्या वर्षी मुकुट ट्रॅक्टरवरून का नेला गं? आणि पातेलं तरंगत गेलं, त्याच्यामागं माझा भाऊ पोहत गेला तो कशासाठी, हौसेनं?"

सभागृहात हशा पिकला. सगळ्यांना ते साल आठवत होतं. डोंगरातलं बर्फ उशिरा वितळलं होतं आणि अख्ख्या गावानं कमरेइतक्या पाण्यात उभं राहून रस्सा खाल्ला होता.

देओलिंदा लाल झाली. ती पाकूकडे वळली. "पोरी, खरं सांग. पाणी साचतं असं ठरलं, तर काय होईल?"

"तर तिथं घरं बांधता येणार नाहीत, बोर्बाबाई. हद्दीत घ्यायचं तर कुरण मोकळं ठेवावं लागेल. हिवाळ्यात तळं, उन्हाळ्यात गवत. तेच तर पुढच्या पानावर लिहिलंय."

म्हणजे आपण भर सभेत आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होतो. आयुष्यभर तिनं जानुआरियोचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. तिला तो फार आठवला आणि त्याचा थोडा रागही आला. मग तिनं माइक जवळ ओढला.

"लिहून घ्या. पाणी साचतं. एकदा कमरेपर्यंत साचलं होतं. माझा नवरा देवमाणूस होता, पण या कुरणाच्या बाबतीत तो धादांत खोटं बोलायचा."

"आणि विहिरीतल्या शेणाचं?" महापौरांनी हसू दाबत विचारलं.

"गाई होत्या, साहेब. त्या काय गुलाबपाणी देणार?"

अहवाल मंजूर झाला. घरं वरच्या अंगाला गेली, त्यांना नळाचं पाणी आलं आणि खालचं कुरण तसंच राहिलं.

पुढचा फेस्ता तिथंच भरला. कुंपणाला 'पुराचा धोका' अशी पाटी लागली होती, तिच्यावर देओलिंदानं फुलांची माळ चढवली होती. पाकू आली. बिल्डरचा वकीलही संकोचत रांगेत उभा राहिला, त्याला तर जरा जास्तच वाढलं. वाडगा घेऊन तो वळला आणि त्याचा चकचकीत बूट घोट्यापर्यंत रुतला.

"बाई, इथं चिखल आहे," तो म्हणाला.

देओलिंदानं पळी खाली ठेवली. "चिखल?" ती म्हणाली. "पंचक्रोशीत याच्याइतकं कोरडं कुरण नाही. थेंब साचत नाही इथं."