बटणासकट चिल्लर

फळीवरची आपली पँट काढायला भाच्याने स्टूल घ्यायला हवं होतं. स्टूल दोन पावलांवर होतं. पण विम्याच्या कचेरीत दिवसभर लोकांना धोक्याच्या सूचना देणारा हा गृहस्थ स्वतः टाचा उंचावून फळीला लोंबकळला, आणि फळी बिचारी त्याच्यासकट खाली आली. फळीवर पँट एकच होती; पत्र्याचे डबे मात्र एकतीस होते. लॉन्ड्रीभर चिल्लर पसरली. काही नाणी इस्त्रीच्या टेबलाखाली गेली, काही मोरीच्या दिशेने निघाली, आणि एक पाचाचं नाणं उंबरा ओलांडून रस्त्यावर जाऊन आडवं झालं.

मावशीने इस्त्री उभी केली. "लागलं का कुठं?"

"नाही गं."

"मग वेच."

मावशीच्या लॉन्ड्रीत गिऱ्हाइकाला नाव नसे. कपड्याच्या आत काळ्या शाईने काढलेली खूण, तीच त्याची ओळख. तीन ठिपके म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, उलटी फुली म्हणजे दातांचे डॉक्टर, गोलात रेघ म्हणजे कोपऱ्यावरच्या बाई, ज्यांचे पडदे दर महिन्याला मळत आणि तोंड कधीच मिटत नसे. "तीन ठिपके यंदा सुटलेत हो," असं मावशी म्हणाली की मुख्याध्यापकांची पँट कमरेत ढिली करायला आली आहे, हे ओळखायचं.

कपडे भिजवण्याआधी मावशी खिसे उलटे करी. सापडेल ते त्या खुणेच्या डब्यात जाई, आणि किती सापडलं ते झाकणाच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर. परत द्यायला गेलं की गिऱ्हाईक हसत म्हणे, "राहू द्या हो मावशी, एवढी चिल्लर कुठं वागवू?" मावशी वाद घालत नसे. डबा पुन्हा फळीवर. अशी अठ्ठावीस वर्षं गेली. आता गुडघे ऐकेनासे झाले होते, महिनाअखेरीला जागा मालकाच्या ताब्यात द्यायची होती, आणि मावशीचा एकच हेका होता: दुसऱ्याचा एक पैसाही जवळ ठेवून या दाराला कुलूप लागणार नाही.

"सगळ्याचा खिचडा झाला की गं," भाचा गुडघ्यांवर रांगत म्हणाला.

"चिठ्ठ्या झाकणांना आहेत ना? मग ज्याचे जेवढे त्याला तेवढे. नोटा करू आणि पाकिटात घालून कपड्यांबरोबर देऊ. चिल्लर नको म्हणणारे पुष्कळ बघितले, नोट नको म्हणणारा एकही नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेली. खिडकीतल्या कारकुनाने पिशव्या पाहिल्या आणि त्याचा चेहरा पडला. "दिवसाला शंभर नाणी फुकट. पुढे शेकड्याला मोजणावळ पडेल."

"मोजलेली आहेत," मावशी म्हणाली.

"आम्हाला पुन्हा मोजावी लागतात, आजी."

"मग तुमच्या हौसेचे पैसे मी का द्यायचे?"

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. नाणी चार हजारांच्या वर होती आणि महिन्याचे दिवस उरले होते बारा. हिशेब भाच्याने बोटांवर केला आणि बोटं खिशात घातली.

बाहेर आल्यावर त्याने मोठ्या दुकानातल्या यंत्राचा विषय काढला. वरून नाणी ओतायची, खालून नोटा घ्यायच्या. शंभराला फक्त आठ कापतात.

"तीन ठिपक्यांचे एकशे बारा लिहिलेत," मावशी म्हणाली. "त्यांना एकशे तीन देऊ? आणि वर सांगू, की बाकीचे यंत्राने खाल्ले?"

"एवढं कोण विचारतंय, मावशी?"

"मी विचारतेय ना."

मग संध्याकाळभर जुन्या वर्तमानपत्रात पन्नास-पन्नास नाण्यांच्या पुड्या वळणं सुरू झालं. कशासाठी वळतोय ते मावशीलाही ठाऊक नव्हतं, पण वळलेलं बरं, असं तिचं मत. तिसऱ्या दिवशी भाच्याची बोटं शाईने काळी झाली आणि धीर संपला. कापले जातील ते आपण गुपचूप भरू, असं मनाशी ठरवून त्याने न वळलेल्या नाण्यांची एक पिशवी उचलली, यंत्रासमोर उभा राहिला आणि ओतली. यंत्र खुशीत खळखळलं. मग त्याने एक उचकी दिली आणि ते गप्प झालं.

त्यात एक बटण गेलं होतं. लॉन्ड्रीच्या फरशीवरून वेचलेली चिल्लर होती ती. तीत बटण नसतं तरच नवल. मॅनेजरने यंत्र उघडून नाणी परत दिली आणि वर चारचौघांत चार शब्दही दिले. बटण मात्र आत असं रुतलं होतं की कारागिराला बोलावणं गेलं. भाचा पिशवी घेऊन आला आणि मावशीला यातलं काही बोलला नाही.

तीन दिवसांनी मावशीला पाकिटं हवी झाली. "चल, मोठ्या दुकानात."

"तिथं महाग असतात गं."

"तू कधीपासून भाव बघायला लागलास?"

यंत्रावर 'बंद' असा कागद होता. काउंटरवरच्या मुलीने पाकिटांचे पैसे घेतले आणि सुट्यांऐवजी दोन गोळ्या मावशीच्या हातावर ठेवल्या.

"हे काय?"

"सुटे नाहीत हो. रोज त्या यंत्रातली नाणी आमच्या गल्ल्यात यायची. ते बिघडलंय. तीन दिवस गोळ्याच वाटतेय, लोक अंगावर येतात."

मावशीने गोळ्या परत केल्या. "सुटे किती हवेत?"

मॅनेजर धावत आला. आधी त्याला मावशी दिसली, मग तिच्यामागे पाकिटांच्या कपाटाआड होऊ पाहणारा भाचा दिसला. "हेच ते. बटणवाले."

मावशीने मान वळवून भाच्याकडे पाहिलं. त्या नजरेत कपड्यावरचा डाग कुठल्या साबणाने जाईल, याचा विचार होता. मग ती मॅनेजरला म्हणाली, "बटण निघालं का?"

"अजून कारागीर यायचाय."

"निघालं की मला द्या. कुणाच्या तरी शर्टाचं आहे. आणि हे बघा, माझ्याकडे चार हजार नाणी आहेत. जेवढी मोजून देईन तेवढ्याच्या नोटा. एकही कमी नाही."

"पण मोजायला माणूस कुठून आणू?"

"तो तराजू काय शोभेला ठेवलाय?"

मग भाजीच्या काट्यावर, कांद्यांच्या शेजारी, एक-एक पुडी चढली. मुलीने आधी एक पुडी सोडून मोजली, मग त्याच किमतीच्या नाण्यांच्या बाकीच्या पुड्या तिच्या वजनाशी ताडून पाहिल्या. एकही उणी भरली नाही. सगळी नाणी पोहोचवायला भाच्याला पाच खेपा घालाव्या लागल्या. प्रत्येक खेपेला मुलगी हसून विचारायची, "आज बटणं किती?"

पाकिटं गेली. मुख्याध्यापकांनी आपलं दोनदा मोजलं आणि मावशीला चष्म्यावरून बघितलं. कोपऱ्यावरच्या बाई पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. बटण निघालं ते डॉक्टरांच्या कोटाचं. मावशीने ते तिथल्या तिथं चार टाके घालून लावून दिलं.

शेवटच्या दिवशी एकतिसावं पाकीट देऊन भाचा परत आला तेव्हा मावशी दाराला कुलूप घालत होती. तो जरा घुटमळला.

"मावशी, अकरा वर्षं माझेही कपडे तुझ्याकडेच येतात. मग माझं पाकीट कुठंय?"

मावशीने कुलूप ओढून पाहिलं. "तुझे खिसे मी तपासत नाही, उगाच वेळ जातो."