बाईंचा काटा

बातमी आली तेव्हा मी सावली गावच्या बाजारात खांबावर होतो. खालून कुणीतरी ओरडलं, "केबलवाले, सुमनबाई गेल्या!" मी हातातलं काम पुरं केलं, मगच उतरलो. अर्धवट सोडलेला सांधा बाईंना चालला नसता. चारच दिवसांपूर्वी चंद्रपूरच्या दवाखान्यात भेटलो होतो. आवाज पार खोल गेला होता, तरी पहिला प्रश्न तोच... "काटा कुठी आहे?" म्हटलं, "जागेवर आहे बाई." मग डोळे मिटले.

माझी शाळा आठवीत सुटली. सातारा जिल्ह्यातून केबल टाकायच्या कामावर इकडं आलो, तेव्हा मला इथली भाषाही कळत नव्हती. एकेक स्क्रू तीनदा तपासायचा, तरी झोप लागायची नाही, असा माझा स्वभाव. बाई चंद्रपूरच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होत्या. निवृत्त होऊन सावलीजवळ आपल्या गावी आल्या, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, लागून घर. त्यांची धाकटी बहीण कमल रोपांची रोवणी करताना वीज पडून गेली होती. त्याबद्दल त्या एकदाच बोलल्या. "चिखलात उभ्या बाया, हातात लोखंड नाई की काई नाई, तरी मरतात. त्याईले कोणी सांगत नाई म्हणून मरतात." पुढं त्यावर शब्द नाही, नुसतं काम.

लांबची वीज रेडिओत कडकडते हे सगळ्यांनाच ठाऊक. बाईंनी भाच्याकडून संगणकाला जोडायचा एक लहानसा रिसीव्हर मागवला. त्याला ना बटणं, ना घुंडी. ऐकायचं आणि दाखवायचं सगळं काम संगणकातलं सॉफ्टवेअर करायचं. दूर वीज चमकली की पडद्यावर एक उभी रेघ. रेघा दाट झाल्या की समजायचं, आभाळ जवळ येतंय. पण घराजवळ विजेच्या डीपीची गुणगुण फार, म्हणून अँटेना लांब, बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, ठेवावी लागली. तांब्याच्या नळीचं रिंगण, बुडाशी आवाज वाढवणारी डबी, आणि डबीत चौकोनी सेल. केबल ओढायला मला बोलावलं. डबीत सेलही मीच बसवला.

ऐन रोवणीत एका दुपारी पडदा कोरा होता. बाई ओट्यावरून म्हणाल्या, "आभाळ साफ आहे, चालू द्या." अर्ध्या तासात धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडावर वीज कोसळली. दोन बाया चिखलात पडल्या. जीव वाचले, पण त्यातल्या शेवंताबाईचा हात दोन दिवस मेल्यासारखा लोंबत होता. मी धावत जाऊन डबी उघडली. सेल संपला होता. बाईंनी तो तळहातावर घेतला. मग म्हणाल्या, "आपुन आभाळ ऐकून नाई राह्यलो. आपुन मेलेला सेल ऐकून राह्यलो."

मी खोलीवर जाऊन बॅग भरायला घेतली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुठी निघाला?"

"गावाला."

"काऊन?"

"सेल मी बसवला होता, बाई."

"अन् साफ आहे म्हणून मी सांगतलं होतं. मी कुठी पळू? सेल कवा संपला हे बसल्या जागी समजलं पाहिजे. तिथी सेलच नको. वीज इथून तिथं कशी न्यायची, ते सांग. दुसरा तार टाकू काय?"

मी शर्टाची घडी घालत म्हणालो, "दुसरी तार कशाला? टीव्हीचा बूस्टर असतो ना गच्चीवर, त्याला खालूनच वीज देतात. ज्या केबलनं चित्र खाली येतं, त्याच केबलनं वीज वर जाते."

बाईंनी बॅगेकडं बोट केलं. "हे तुले येते, अन् तू बॅग भरून राह्यला?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला काही येतं असं म्हणालं. बॅग तशीच राहिली.

बूस्टरचा अॅडॅप्टर लावला, तर त्याचीच घरघर पडद्यावर पसरली. मग बाई म्हणाल्या, संगणक रिसीव्हरला जी पाच व्होल्ट वीज देतो, तीच घेऊ. डबीतलं सर्किट त्यांनी पाच व्होल्टांवर चालेल असं नव्यानं बांधलं. संदेश अडवून नुसती वीज जाऊ देणाऱ्या एका चोक कॉईलमधून ती केबलमध्ये सोडली, आणि तीच वीज उलटी रिसीव्हरच्या कानात शिरू नये म्हणून मध्ये कपॅसिटर बसवला. मला धडकी... रिसीव्हर जळला तर? "तुहं भेव कामाले लाव," बाई म्हणाल्या. "दहा वेळा तपास, पण पळू नको." विजेच्या वाटेत, टेबलावरच, एक काट्याचं मीटर लावलं. अँटेना वीज खात असली की काटा उभा. तो पडला, की पडदा कितीही कोरा असो, विश्वास ठेवायचा नाही. मी धुऱ्यावर जाऊन ओले सांधे पुसायचो, तपासायचो. बाई घरातून हाक द्यायच्या, "देऊ काय?" मी "द्या!" म्हटल्याशिवाय त्यांनी कधी खटका दाबला नाही.

पहिल्यांदा रेघा दाटल्या तेव्हा बाईंनी थाळी वाजवली. बाया कुरकुरत शाळेच्या व्हरांड्यात गेल्या, आणि लख्ख ऊन पडलं. शेतमालक हसला, "बाई, तुमचा रेडिओ केबलवाल्यावानीच भित्रा आहे!" बाई म्हणाल्या, "भित्रा आहे म्हणूनच ठेवला." दुसऱ्यांदाही काही झालं नाही. तिसऱ्यांदा वीज पडली ती रिकाम्या बांधीत, रोपांच्या पेंढ्या होत्या तिथं. त्यानंतर थाळी वाजली की तो मालकच आधी पळायचा.

यंदा रोवणी लागली तेव्हा मी बाईंच्या टेबलाशी बसलो. सांधे सकाळीच तपासून आलो होतो, तीनदा. खटक्यावर बोट ठेवलं आणि बाईंच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "देऊ का?"

धुऱ्यावर कोण असणार... तरी थांबलो.

बांधीत वाकलेल्या बायांमधून शेवंताबाई सरळ झाली. रिंगणापाशी गेली, सांध्यावरचं पाणी पदरानं टिपलं आणि त्या दुपारी लोंबलेला तोच हात वर करून ओरडली, "दे ना भाऊ! पाह्यलं मी!"

मी खटका दाबला. काटा उभा राहिला.