कोंड्यावरचे मासे

माझा धाकटा भाऊ काविळीने गेला, तेव्हा आमच्या तळ्यातले मासे जेमतेम बोटभर होते. रोहू-कटल्याची पिल्लं त्याच पावसाळ्यात त्याने आणून सोडली होती. तळं कसलं, टेमघरला घरामागच्या आमच्या तुकड्यातली माती वीटभट्टीवाल्यांनी नेली आणि राहिलेल्या खड्ड्यात पाणी साचलं, एवढंच. ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. दिवसा तो धामणकर नाक्याजवळच्या लूमच्या कारखान्यात ड्युटी करायचा आणि संध्याकाळी आला की कपडे न बदलता तळ्यावर.

माशांचं खाणं आई कालवायची. भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि कुटलेला सुका जवळा. जवळा महाग झाला तेव्हा तिने विचारलं, "पेंडीत प्रथिनं भरपूर आहेत म्हणतोस, मग हा कशाला?"

"पेंडीत एक-दोन अमिनो आम्लं कमी पडतात, आई. ताण्यातला एक धागा तुटला की बाकीचे धड असून काय करायचं? लूम थांबतोच. माशाचं अंगही तसंच अडतं. जवळा तो धागा सांधतो."

आईला ते लगेच पटलं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे; लायसिन, मेथिओनिन ही नावं मी तिला आधीच सांगून थकले होते. माझं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी आणि लाडक्याचं मात्र ब्रह्मवाक्य. मला त्याचा राग यायचा. आता रागावायला तो नाही, याचं दुःख जास्त आहे.

तो गेल्यावर वर्षश्राद्धापर्यंत घरात मासळी शिजणार नाही, असं आईने सांगून टाकलं. त्याबरोबर माशांचा जवळाही बंद झाला. मी म्हटलं, दुःखात आहे, राहू दे. पुढे पेंड संपली, तीही तिने आणवली नाही. उरला नुसता कोंडा. तो मात्र ती रोज न चुकता घेऊन जायची आणि पाण्याकाठी बराच वेळ बसायची. कोंड्याचा मांडा करून माणसं दिवस काढतात, माशांना ते कसं जमणार?

वर्षश्राद्धानंतर मासे न्यायला कशेळीचा व्यापारी आला. त्याने एकदाच जाळं फेकलं आणि वर आलेला रोहू हातात धरून बघत राहिला. डोकं मोठं, खाली अंगच नाही.

"बहनजी, ये तो सब माथा ही माथा है," तो म्हणाला. "खिलाओ इनको. दो-तीन महीने बाद आता हूँ।"

मी घरात येऊन आईवर चिडले. वर्ष सरलं, श्राद्ध झालं, आता कसलं सोवळं? दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी पेंड आणि जवळा दोन्ही घेऊन आले आणि स्वतःच कुटायला बसले. आई समोर येऊन बसली. तिने माझ्या हातातला बत्ता काढून घेतला.

"मला ठाऊक आहे काय कमी पडतंय ते," ती म्हणाली. "त्यानेच शिकवलंय."

"मग घालत का नाहीस?"

"मी उपाशी नाही ठेवत त्यांना. पोटाला घालते रोज." ती जवळ्याकडे बघत होती. "वाढले की तो व्यापारी जाळं घेऊन येईल. माझ्या पोराच्या हाताने सोडलेलं एवढंच तर राहिलंय गं."

वर्षभरात ती माझ्यासमोर रडली नव्हती, तेव्हाही रडली नाही. मीच रडले. विज्ञानातलं काहीही मला तिला सांगता येईना. जवळा मी शेजारी देऊन टाकला. रविवारी कशेळीला गेले आणि व्यापाऱ्याला सांगितलं की आमच्याकडे येऊ नका, आमचे मासे विकायचे नाहीत.